चौकात थांबायचं नाही

लतिका पिंपळापुरे यांना डॅलसजवळच्या प्लेनोत येऊन दोन वर्षं झाली होती, पण त्यांचं घड्याळ अजून नागपूरच्या शाळेचंच होतं. पहाटे साडेपाचला उठायचं, सहाला गॅरेजपुढच्या सिमेंटच्या उतारावर पंचवीस बैठका काढायच्या आणि साडेसहाला घरातल्या एकूण एक पांघरुणावर हल्ला चढवायचा.

"आई, शनिवार आहे हो," सून नीलांबरी उशीत तोंड खुपसून म्हणायची.

"मग? शनिवारी सूर्य सुटीवर असतो का?"

बासष्ट वर्षांच्या, काटक, पाच फूट एक इंचाच्या बाई. आवाज मात्र सहा फुटांचा. बी.ए. झाल्यावर त्या अमरावतीला जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आल्या, तेव्हा पोरगी उड्या मारायला शिकली म्हणून घरच्यांनी डोक्याला हात लावला होता. त्याच उड्यांवर मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली. नवरा वीज मंडळात होता, स्वभावाने मवाळ. तो गेल्यावर मुलगा अवधूत म्हणाला, आई, इकडे ये. बाई आल्या. एका बॅगेत कपडे आणि दुसरीत चोवीस लेझमी.

विमानतळावरच्या माणसाने नेमकी दुसरी बॅग उघडली. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, साखळीत पत्र्याच्या चकत्या. असले चोवीस नग बघून त्याने आणखी दोघांना बोलावलं. हे शस्त्र आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणाला काही समजावून सांगण्याइतका धीर लतिकाबाईंना मराठीतही नव्हता, इंग्रजीत कुठून येणार? त्यांनी पदर खोचला, एक लेझीम उचलली आणि तिथल्या तिथे चार आवाज काढून दाखवले. वर एक पवित्राही घेतला. रांगेतल्या एका पोराने टाळ्या वाजवल्या आणि बॅग सुटली. न्यायला आलेल्या अवधूतला हे कळलं तेव्हा तो बॅग उचलून भराभर गाडीकडे सुटला.

बाईंच्या मनात एक सल होता आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे. नागपुरात दरवर्षी सव्वीस जानेवारीला कस्तुरचंद पार्कवर संचलन व्हायचं आणि त्यात त्यांच्या शाळेच्या चौसष्ट मुलींचं लेझीम पथक असायचं. दिवाळीची सुटी संपल्यापासून बाई मुलींना घाम गाळायला लावायच्या. पण प्रत्यक्ष त्या दिवशी पथकाच्या पुढे शिट्टी घेऊन चालायचे ते मुलांच्या शाळेतले दिगंबर सर. एवढ्या लोकांपुढे बाईमाणसाने शिट्ट्या फुंकत चालणं बरं दिसत नाही, असं सुरुवातीला कारण दिलं गेलं. पुढे पुढे कारण द्यायचीही गरज उरली नाही, वहिवाटच पडली. दिगंबर सर माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांची पावलं चुकायची. मागच्या चौसष्ट जणींची बरोबर पडायची, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नसे.

शेवटी एकदाचे सर निवृत्त झाले. येत्या सव्वीस जानेवारीला पथक पिंपळापुरे बाईंनीच न्यायचं, असं ठरलं. आणि कार्यालयातून बाईंच्या स्वतःच्या निवृत्तीची तारीख आली: एकतीस डिसेंबर. सव्वीस दिवस कमी पडले! संचलन त्यांनी घरी टीव्हीवर पाहिलं, आणि नव्या बाईंनी पुढे चालताना रुमालाने नाक पुसलं ते पाहून टीव्ही बंद केला.

तर अशा बाई प्लेनोत. इथे ज्याला गाडी चालवता येत नाही तो माणूस म्हणजे घरातलं एक कपाट. बाईंनी सहा महिने कपाट होऊन पाहिलं. मग त्यांनी वीस मिनिटांच्या चालीवर रेल्वेचं स्टेशन शोधून काढलं आणि एकट्या डॅलसला जाऊन येऊ लागल्या. मग तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांची लेझीम बसवून दिली. गणपती संपला तरी बाई थांबेनात. दर रविवारी सकाळी नातीच्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव. चौदा मुलं, आठ बायका आणि ढोलावर नंदू. हा नंदू साताऱ्याचा. टेलिकॉम कंपनीत रात्रंदिवस कोड लिहून त्याला पोट आणि झोप या दोनच गोष्टी उरल्या होत्या. पहिल्या रविवारी तो पंधरा मिनिटं उशिरा आला.

"सॉरी काकू, ट्रॅफिक."

"रविवारी सकाळी आठला? ट्रॅफिकमध्ये तू एकटाच होतास ना? चार फेऱ्या मार."

"काकू, मी ढोल वाजवणार आहे, पळणार नाहीये."

"मग ढोल घेऊन मार."

त्याने मारल्या. पुढच्या रविवारी तो पावणेआठलाच हजर होता.

त्याच पार्किंगच्या कडेने एक सत्तरीची गोरी बाई कुत्रं फिरवायची. मोरीन डॉयल. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तीन रविवार ती नुसती बघत उभी राहिली. चौथ्या रविवारी जवळ येऊन म्हणाली, "हे पार्किंगमध्ये काय करताय? हे रस्त्यावर न्यायला हवं."

दोघींचं जमायला तेवढं पुरलं. शिस्तीत न वागणाऱ्या पोरांबद्दल दोघींची मतं तंतोतंत जुळत होती. मोरीनच्या दिवंगत नवऱ्याचे आजोबा आयर्लंडहून आलेले, आणि डॅलसमध्ये मार्चात निघणाऱ्या सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीच्या समितीवर तिच्या सासरचं कुणी ना कुणी असायचंच. मिरवणुकीत कुणीही चालू शकतं, ती म्हणाली. आयरिश असलंच पाहिजे असं नाही, हिरवं घातलं की झालं.

"पण हा संत कोण?" लतिकाबाईंनी विचारलं. "आणि त्या दिवशी त्याची जयंती असते की पुण्यतिथी?"

"गेला तो दिवस."

"म्हणजे पुण्यतिथी. मग उपास असेल तुम्हाला."

मोरीन इतकी हसली की कुत्रं भुंकायला लागलं. "उपास? अगं, सकाळी नऊपासून बीअर असते!"

"पुण्यतिथीला?"

"आमच्या संताची तक्रार नाही."

लतिकाबाईंनी क्षणभर विचार केला. आपल्याकडचे निदान अंधार पडेपर्यंत थांबतात आणि बाटली कागदात गुंडाळतात. पण संत ज्यांचा, त्यांनी ठरवावं. त्यांना रस्ता हवा होता.

अर्ज तीन पानी होता. बाईंनी तो सवयीने लाल पेन घेऊन वाचला. सातव्या कलमाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या: वाटेत कुठेही थांबायचं नाही, पुढच्या पथकापासून अंतर पडू द्यायचं नाही. थांबायचं ते फक्त मानाच्या मंचासमोर, तेही तीस सेकंद. खाली बाईंची सही, आणि ओळख देणारी म्हणून मोरीनची.

"माझं नाव घालतेय हं, लतिका," मोरीन म्हणाली. "गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने असंच कुणाचं तरी नाव दिलं होतं. त्या लोकांनी वाटेत थांबून बार्बेक्यू लावला. त्याला अजून घरात ऐकून घ्यावं लागतं."

"माझी माणसं थांबणार नाहीत," बाई म्हणाल्या. "मी आहे ना पुढे."

मग त्या तीस सेकंदांनी बाईंची झोप उडवली. हातात स्टॉपवॉच घेऊन त्यांनी ते बसवले. चार आवाज, मग दोन फेर, आतला उजवीकडे आणि बाहेरचा डावीकडे, मध्ये त्यांची दहा वर्षांची नात इशिता एका गुडघ्यावर, आणि शेवटच्या ठोक्याला बावीस लेझमी एकदम आभाळाकडे. एकोणतीस सेकंद. एक सेकंद त्यांनी श्वासासाठी ठेवला होता.

मिरवणुकीच्या आठ दिवस आधी मंडळाचे अध्यक्ष रवींद्र आगाशे यांच्या घरी बैठक झाली. रवींद्र पुण्याचा, पंचेचाळिशीचा, कंपनीत मॅनेजर. सरावाला तो एकदाच आला होता, फोटो काढायला. बाकरवडी फिरवून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही तर आमच्या आधारस्तंभ आहात."

लतिकाबाई सावध झाल्या. माणसाला खांब म्हटलं की त्याला गाडायचा बेत असतो.

"अडीच मैल चालायचंय काकू. तुमच्या वयाला काही झालं तर उगाच इन्शुरन्सचा इश्यू. आपण एक पिकअप डेकोरेट करतोय, अवधूत ड्राइव्ह करेल. तुम्ही मागे मस्त खुर्चीत बसा आणि लोकांना हात दाखवा."

"हात दाखवायला मी काय निवडणुकीला उभी आहे? आणि पुढे कोण चालणार?"

"मी आहे ना. बॅनर धरतो, शिट्टीही मीच घेतो."

"तुला डावा-उजवा येतो का?"

"काय काकू! मी पुण्याचा. मिरवणुका बघत मोठा झालोय."

"बघतच," लतिकाबाई म्हणाल्या.

हात वर करून मतं घेतली गेली. रवींद्रने तिथल्या निम्म्या लोकांना भाड्याचं घर शोधायला मदत केली होती, त्यामुळे हात कुठे जाणार ते ठरलेलंच होतं. नंदूने अर्धा वर केला आणि त्याच हाताने डोकं खाजवलं.

परतताना गाडीत अवधूत म्हणाला, "आई, सोड ना. वाद घातलास तर तो सगळंच कॅन्सल करेल. पोरं हिरमुसतील."

"तुझे बाबापण हेच म्हणायचे," लतिकाबाई म्हणाल्या. मागच्या सीटवर इशिता बोटांनी चार आवाज मोजत होती. पोरांसाठी म्हणून अठ्ठावीस वर्षं जे गिळलं, तेच पुन्हा समोर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गोड लागलं नाही.

मिरवणुकीच्या शनिवारी ग्रीनव्हिल अॅव्हेन्यू हिरवागार झाला होता. हिरव्या टोप्या, हिरवे केस, हिरव्या माळा, आणि एका आजोबांची तर दाढीसुद्धा हिरवी. बीअर खरंच सकाळी नऊपासून होती. आपल्या बायका हिरव्या नऊवारीत, कोपरापर्यंत हिरवा चुडा, अगदी लग्नघरातल्यासारख्या. तो चुडा बघून दोन्ही बाजूंच्या बाया वेड्याच झाल्या. एका तरुणीने नीलांबरीला चार बांगड्यांच्या बदल्यात गळ्यातल्या सगळ्या माळा देऊ केल्या.

"आई, देऊ का?" नीलांबरीने पिकअपकडे बघून विचारलं.

"दे. पण ओळ सोडू नकोस."

पथकाच्या पुढे तांबड्या केसांच्या कुत्र्यांचा क्लब होता, मागे अग्निशमन दलाचं बॅगपाइप पथक, आणि त्याच्या मागे ट्रकवर नाचणारे प्लंबर. आपल्या पथकाच्या शेपटाला पिकअप, आणि पिकअपमध्ये तोरणाखाली, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये, खुर्चीवर लतिकाबाई. त्यांनी हात कुणालाही दाखवला नाही. तो गुडघ्यावर ताल धरत होता.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग पहिला चौक आला. रवींद्रने बॅनर काखेत मारला, हात वर केला आणि शिट्टी फुंकली. पथक थांबलं. गोल झाला. नंदूच्या ढोलाला तर काय, साताऱ्याची आठवण आली. चौकातली माणसं खुळावली, कुणी बीअरचा ग्लास डोक्यावर ठेवून नाचू लागलं. चार मिनिटं! कुत्र्यांचा क्लब दिसेनासा झाला. मागे बॅगपाइपवाले फुगवलेल्या पिशव्या काखेत धरून लाल होत गेले.

रवींद्रचंही अगदीच चुकलं होतं असं नाही. आपल्याकडे मिरवणूक म्हणजे चालणं नव्हेच, ते थांबणं असतं. किती लांब गेलात, असं कुणी विचारत नाही. कुठल्या चौकात किती वेळ खेळलात, ते विचारतात. सकाळी निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली तर ती गाजली. इथे ती बारा चाळीसला संपते म्हणजे संपते, कारण एक वाजता रस्ता झाडायला गाडी येते.

गोल्फच्या मैदानावर असते तसली छोटी गाडी सुसाटत आली. त्यात पिवळ्या जाकिटातला, लालबुंद मानेचा मार्शल.

"सर, चालत राहा."

"पण हा चौक आहे," रवींद्र समजुतीच्या सुरात म्हणाला. "चौकात थांबायची पद्धत आहे आमची. माणसं वाट बघत असतात."

"ती तुमच्या मागच्यांचीही वाट बघताहेत. चला."

पथक हललं. तीनशे पावलांवर दुसरा चौक. रवींद्रचा हात पुन्हा वर! पिकअपमध्ये लतिकाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "अरे, काय करून राहिला हा माणूस!" चिडल्या की त्यांचं नागपूर बाहेर यायचं. "अवधूत, हॉर्न वाजव."

"आई, परेडमध्ये हॉर्न?"

"मग त्याला फोन लाव."

"ढोलात ऐकू येणारे का त्याला?"

या वेळी पाच मिनिटं. मार्शल आला तेव्हा हसत नव्हता. त्याने एक बोट वर केलं. "आणखी एकदा थांबलात तर पुढच्या गल्लीत उजवीकडे वळायचं. तिथे पार्किंग आहे, तिथून घरी. तुमच्या कागदावर ओळख कुणाची आहे?" त्याने हातातल्या फळीवरचा कागद उलटला. "मिसेस डॉयल. ठीक. त्या मंचावरच बसल्यात, त्यांच्याशी मी बोलतो."

हे त्याने पिकअपजवळ उभं राहून म्हटलं, त्यामुळे लतिकाबाईंना शब्दन्‌शब्द ऐकू आला. त्यांची कानशिलं तापली. ओळख मोरीनने दिली होती, पण शब्द त्यांचा होता. 'माझी माणसं थांबणार नाहीत.' आणि इथे त्या खोक्यांमध्ये देवीसारख्या बसून होत्या!

तिसरा चौक समोर दिसत होता. तिथे तर टीव्हीचा कॅमेरा होता. कॅमेरा रवींद्रलाही दिसला असणार, कारण त्याने आताच भांग सारखा केला.

लतिकाबाईंनी कासोटा आवळला आणि पिकअपची मागची फळी पाडली.

"आई! काय करतेयस? गाडी चालू आहे!"

"ताशी तीन मैल. माझा चालायचा वेग चार आहे," म्हणत त्या उतरल्यासुद्धा.

कडेकडेने, कोपरं मारत, हिरव्या टोप्या चुकवत त्या निघाल्या. मागच्या ओळीतल्या बायका, मधली मुलं, नंदूचा ढोल, सगळे मागे पडले. चौक वीस पावलांवर होता. रवींद्रचा हात वर गेला. शिट्टी तोंडाला लागली.

"पथक!" लतिकाबाईंचा सहा फुटी आवाज ढोलाच्या वरून गेला. "थांबायचं नाही! एक-दो! एक-दो!"

पोरांचे पाय त्या आवाजाला सहा महिने बांधलेले होते. त्यांना वर गेलेला हात दिसलाच नाही. बायकांना दिसला, पण त्यांनी पुढे बघितलं. नंदूचं टिपरू हवेत होतं. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, बहुधा त्या चार फेऱ्या आठवल्या, आणि टिपरू काकूंच्या ठेक्यावर खाली आलं. रवींद्र चौकाच्या मधोमध हात वर करून उभा, आणि पथक त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेलं. कॅमेऱ्याने तेवढं मात्र व्यवस्थित टिपलं.

"काकू!" मागून आवाज आला. "अहो, चौक!"

"तो मागे गेला, रवींद्र! ये लवकर!"

आता त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. समोर माणूस नाही, नुसता रस्ता. हातात ना शिट्टी ना बॅनर. डावा पाय डावा पडत होता, उजवा उजवा. तीस पावलं त्यांनी दुसरा काही विचारच केला नाही.

मग शेजारी गोल्फची गाडी आली. मार्शलने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "आता तुम्ही प्रमुख?"

"हो."

त्याच्या मानेची लाली जरा उतरली. "तर ऐका, मॅडम. तुमच्यापुढे अख्खे दोन ब्लॉक रिकामे पडलेत. ते भरून काढा. मंचासमोर थांबू नका."

"तीस सेकंद आहेत आमचे. कलम सात."

"ते तुम्ही मागच्या दोन चौकांत वापरलेत. अठरा वेळा." आणि तो निघून गेला.

मंच तीन ब्लॉकवर होता. बाईंना तो इथूनही दिसत होता: हिरवी झालर, खुर्च्या, निवेदकाचा माइक. मागे इशिता विचारत होती, "आजी, सर्कल कधी? आर वी डूइंग द सर्कल?" बाईंनी पावलाचा ताल मोडू दिला नाही. मनात हिशेब सुरू झाला होता. थांबलो तर? तीस सेकंदांत कोण काय करणार आहे? तो लाल मानेचा गाडी वळवून येईपर्यंत बावीस लेझमी वर गेलेल्या असतील. तिथून खुशाल हाकला, पार्किंगमध्ये न्या, घरी पाठवा. अठ्ठावीस वर्षं आणि सव्वीस दिवस थांबलेल्या बाईला तीस सेकंदही मिळू नयेत?

मंच जवळ आला. पहिल्या रांगेत मोरीन दिसली, मनगटात बाईंनीच भरलेला हिरवा चुडा. ती मिरवणुकीकडे बघत नव्हती. ती रिकाम्या रस्त्याकडे बघत होती, आणि तिच्या शेजारचा पुतण्या तिला काहीतरी ऐकवत होता, चांगलं हसत हसत.

"हट्!" लतिकाबाई स्वतःलाच म्हणाल्या. आणि मग बेंबीच्या देठापासून: "पथक! दौडके... चल!"

असा हुकूम सरावात कधी दिलेला नव्हता, पण बाई स्वतः पळायला लागल्यावर अर्थ सांगावा लागला नाही. बावीस जण, नऊवाऱ्या, फेटे, लेझमी, सगळे पळत सुटले. नंदू पोटावर ढोल घेऊन पळत होता आणि प्रत्येक पावलाला ढोल आपोआप वाजत होता. मागून अवधूतची पिकअप, त्यामागे सुटका झालेले बॅगपाइपवाले, तेही पळत. माइकवरच्या माणसाने कागद उचलला, चष्मा लावला, "आणि आता येत आहेत पि... पिम..." म्हणाला, वर बघितलं, आणि म्हणाला, "गेले."

मंचाच्या बरोबर समोर बाईंनी मान कडक वळवली. "दाहिने देख!"

हेही शिकवलेलं नव्हतं. निम्म्यांनी उजवीकडे पाहिलं, निम्म्यांनी डावीकडे, नीलांबरीने घाबरून सासूकडे. इशिताने सलाम ठोकला आणि तिची लेझीम पुढच्या मुलाच्या फेट्यात अडकली. मोरीन उभी राहिली होती. दोन्ही हात वर, चुड्यासकट, आणि ती हसत होती की ओरडत होती ते पळता पळता कळायला मार्ग नव्हता. पुतण्याचं तोंड बंद होतं, एवढं बाईंनी पाहून घेतलं.

दोन ब्लॉक भरून निघाले. कुत्र्यांचं शेवटचं शेपूट हाताला लागेल एवढं जवळ आल्यावरच त्यांनी पथक चालीवर आणलं आणि उरलेला मैल इतका सरळ नेला की कडेचे लोक बीअर खाली ठेवून बघायला लागले.

मिरवणूक एका दुकानाच्या मोठ्या पार्किंगमध्ये संपली. बाईंनी पथक तीन ओळींत उभं केलं. सगळे धापा टाकत होते, बाईही, पण तोंड मिटून. इतक्यात रवींद्र आला. बॅनरची गुंडाळी, कपाळावर घाम, शर्ट बाहेर.

"काकू, हे काय झालं! आपण मंचासमोर काहीच केलं नाही. अडीच मैल नुसते—"

"उशिरा आलेल्यांनी मागच्या ओळीत," लतिकाबाई म्हणाल्या.

रवींद्रने बॅनर खाली ठेवला. नंदूकडे पाहिलं. नंदूने डोळ्यांनीच मागची ओळ दाखवली. अध्यक्ष मागच्या ओळीत जाऊन, एका आठ वर्षांच्या पोरीशेजारी उभे राहिले.

"सावधान!"

टाचा जुळल्या. वारा सुटला होता, लेझमींच्या चकत्या आपल्या आपण किणकिणत होत्या. आता एकच काम उरलं होतं. नागपुरात तेही दिगंबर सर करायचे. ते मुलींपुढे उभे राहून शेवटचा हुकूम द्यायचे, तोवर बाई मैदानाच्या टोकाला वाकून पोत्यात लेझमी मोजून भरत असायच्या. शेवटचा हुकूम त्यांनी अठ्ठावीस वेळा पाठमोऱ्या ऐकला होता.

त्यांना घाई नव्हती. त्या पहिल्या ओळीपुढून चालत गेल्या. एकाचा फेटा सारखा केला. एकीचा पदर नीट खोचला.

"आजी, आय हॅव टु गो," इशिता ओठ न हलवता म्हणाली.

"बोलायचं नाही."

"काकू," नंदूचा दबका आवाज, "ढोल खाली ठेवू का हो?"

"नाही."

बाजूला हिरव्या टोप्यांतले चार तरुण डुलत उभे होते. हे काय चाललंय ते त्यांना कळेना, पण त्या बुटक्या बाईची नजर आपल्यावरून फिरली म्हटल्यावर त्यांनीही हातातले ग्लास खाली ठेवले आणि ताठ उभे राहिले.

बाई परत मध्यभागी आल्या. दुसऱ्या ओळीकडे बघितलं, तिसऱ्या ओळीकडे बघितलं. मिनिटभर तसंच जाऊ दिलं. मग छाती भरून श्वास घेतला.

"विसर्जन!"

इथल्या पोरांनी हा शब्द हुकूम म्हणून आयुष्यात ऐकलेला नव्हता. बायका शाळा सुटून वीस वर्षं झाल्याने तो विसरल्या होत्या. कुणीही जागचं हललं नाही. त्यामुळे लतिकाबाईंना तो पुन्हा म्हणावा लागला, आणि त्यांनी तो आधीपेक्षा मोठ्याने म्हटला.